शेऱ्याचा रकाना

बोगोताहून मी चौऱ्याऐंशी प्रश्न घेऊन आलो.
ओर्तेगुआसा नदीच्या काठी लष्कराचं इस्पितळ, साठ खाटा,
पत्र्यावर हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं थापली गेलेली ओली पानं.

प्रश्न पहिला: दारापासून सुरीपर्यंत किती मिनिटं?
सार्जंट यामिले तापिएरोनं विचारलं, कुठल्या दारापासून?
या दारापासून, की त्याचा पाय सुरुंगावर पडला तिथून?
जंगलाला दार नसतं, साहेब.

मी लिहिलं, लागू नाही.

तिनं लाल ट्रॉलीचा खण ओढून दाखवला.
घशात बघायच्या दिव्याचे सेल, सगळे कोरे.
वापरलेले ती घरी नेते, मुलाच्या खेळण्यातल्या ट्रकला.
इथे राहिले तर रात्री तीनला कुणाच्या तरी हाताला
नेमके तेच लागतील.
बोलता बोलता तिनं दिवा लावला, विझवला,
परत लावला, परत विझवला.
याला किती गुण? मी यादी चाळली.

जनरेटर सांभाळणारे डॉन एलिएसेर ठार बहिरे.
मशीन अडखळलं की त्यांना तळपायांतून कळतं.
आपण दिवे गेले म्हणेपर्यंत
ते अनवाणी निम्म्या वाटेवर पोचलेले असतात.
आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, तेलाच्या डागांच्या वर,
ओ गटाच्या माणसांची नावं:
आचारी, बिगुल वाजवणारा, दोन ड्रायव्हर,
आणि पाद्री, ज्याला सुई पाहूनच घेरी येते,
म्हणून त्याच्या नावापुढे कंस करून: खुर्ची द्या.

दुसऱ्या रात्री वीलमेर चिकुंके आला, वय एकोणीस.
डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.
वरच्या मांडीला करकचून पट्टा, पट्ट्यावर पेनानं वेळ,
शेवटचा आकडा पावसानं पुसलेला.
आचारी पिठाचे हात धुऊन आधीच आडवा झाला होता.

गळ्यातल्या बिल्ल्यावर ए पॉझिटिव्ह.
कर्नल डॉक्टर बोनिया मान न वळवता म्हणाले,
ओ पुरे आता. ए चढवा.

आणि मदतनीस पोरगी, रुजू होऊन सहा आठवडे झालेली,
हातात पिशवी तशीच धरून म्हणाली,
थेंब अजून बघितला नाही, कर्नल.

मी तीस वर्षं फौजेत आहे.
अशा वाक्यानंतर खोलीत काय होतं, मला ठाऊक आहे.
मी घड्याळाकडे पाहिलं, कारण माणसांकडे बघवेना.

बोनिया म्हणाले, बघ.

पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर तिनं थेंब ठेवले,
काडीनं ढवळले, तुकडा कलता केला.
थेंबात दाणे धरले, दूध नासावं तसे.
ए होता.
बिल्ला या वेळी खरा होता.
अडीच मिनिटं गेली. कुणी कुणाला काही बोललं नाही.
पिशवी लागली. चिकटा मागा, कापा, बांधा, पुसा,
पहाटेपर्यंत एवढेच शब्द.

सकाळी कर्नल पायरीवर काळी कॉफी घेऊन बसले होते.
मी विचारलं, अपमान नाही वाटला?
वाटला, म्हणाले.
मार्चमध्ये एका पोराच्या बिल्ल्यावर ए होतं आणि अंगात बी.
पिशवी मीच सांगितली.
त्या रात्री खोलीत सात जण होते, आणि सातही जण म्हणाले,
होय, कर्नल.

आत सार्जंट तो फरशीचा तुकडा धूत होती.
मार्चमधल्या पोराचं नाव मी तिला विचारलं.
तिनं नळ जरा मोठा केला.

चिकुंके दुपारी शुद्धीवर आला.
उजवा बूट कुणी नेला, नवा होता, एवढंच विचारत राहिला.
डॉन एलिएसेर तो शोधायला गेले.

माझ्या कागदावर शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
देयानिरा मुतुंबाहॉय, मी लिहायला घेतलं.
आडनाव मावेना.
रेघ ओलांडून ते शेजारच्या चौकटीत गेलं,
जिथे छापलेलं होतं:
इथे काही लिहू नये.